‘आत्ता नको, थांबू या’ म्हणणारं मुलुंडचं ऑर्थो क्लिनिक

चार स्टार देतेय. पाचवा कुठे गेला ते मधे येईलच. आधीच सांगते, हे लांबलचक होणारे, कारण यात माझी दोन पोरं, तीन क्लिनिकं, पाच वर्षं आणि बेडरूमच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या रेघा एवढा सगळा पसारा आहे. ज्यांना फक्त डॉक्टर कशा आहेत आणि किती घेतात एवढंच हवंय त्यांनी सरळ खाली जा. पण घरात दहा ते चौदाच्या मधलं मूल असेल आणि त्याचे वरचे दात पुढे आले असतील तर चहा घेऊन बसा जरा.

क्लिनिक मुलुंड वेस्टला, स्टेशनपासून चालत सातआठ मिनिटं, जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाचव्या स्टारचा एक तुकडा तिथे जिन्यातच पडला, कारण पहिल्या वेळी सासूबाई हौसेने बरोबर आल्या होत्या आणि त्यांचे गुडघे. आम्ही भांडुपहून जातो, मधे फक्त नाहूर, त्यामुळे लोकलचं काही वाटत नाही. डॉक्टर मॅडम एमडीएस ऑर्थो आहेत म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त वेडेवाकडे दात आणि जबडे जागेवर आणायचा विषय शिकलेल्या, आणि तुम्हीपण कुठेही गेलात तरी हे एवढं तरी विचाराच, कारण ब्रेसेस लावतो म्हणणारा प्रत्येक जण ऑर्थोडॉन्टिस्ट असतोच असं नाही.

तर माझा धाकटा. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तो बारा वर्षं चार महिन्यांचा होता. वरचे दात इतके पुढे की ओठ मिटायचा म्हटला तर हनुवटीला सुरकुत्या पडायच्या, शाळेत पोरं ‘ए ससा’ म्हणायची, आणि वर सोसायटीत क्रिकेट खेळताना बॉल तोंडावर बसून एका दाताचा टवका उडाला. तो टवका भरायला म्हणून घराजवळच्या एका चकाचक क्लिनिकमध्ये गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी आरसा घालून दात मोजले आणि म्हणाले की अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आलेत, बारा पूर्ण आहेत, बेस्ट टाइम आहे, चार दात काढू आणि ब्रेसेस लावू, या आठवड्यात बुक केलंत तर गणपती ऑफर आहे. गणपती ऑफर! मखराचं सामान घेतोय की दात काढतोय तेच कळेना. नवरा म्हणाला सेकंड ओपिनियन घेऊ या, आणि ऑफिसमधल्या मैत्रिणीने मुलुंडच्या ह्या मॅडमचं नाव सांगितलं.

मॅडमनी दोन एक्स-रे काढून आणायला सांगितले, दोन्ही समोरच्या गल्लीतल्या सेंटरवर. एक ओपीजी, ज्यात सगळे दात कानापासून कानापर्यंत एका पट्टीत दिसतात, आणि दुसरा लॅटरल सेफ म्हणजे बाजूने काढलेला अख्ख्या डोक्याचा, ज्यात वरचा जबडा, खालचा जबडा आणि मानेचे वरचे मणके येतात. मला एक्स-रेची फार धास्ती म्हणून मी विचारलंच, तर म्हणाल्या की ओपीजीचं रेडिएशन आपण असंच काही दिवसांत निसर्गातून घेतो तेवढं असतं, मशीनला एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं, लायसन्स आहे की नाही तेवढं बघायचं (एईआरबीचं ऑफिस आपल्याच अणुशक्तीनगरला आहे, हे मला माहीतच नव्हतं), पण तरी विनाकारण एकही काढायचा नाही. मग दोन्ही फिल्म लाइटबॉक्सवर लावल्या, पाचेक मिनिटं काही बोलल्याच नाहीत, आणि म्हणाल्या, "आई, आत्ता नको. थांबू या."

इथे माझं डोकं सटकलं. कारण ‘थांबा’ हा शब्द मी आधी एकदा ऐकला होता आणि तो आम्हाला महागात पडला होता.

लेक माझी आता अकरावीत आहे. तिचेपण वरचे दात असेच पुढे, आमच्या यांच्याकडचं वाण आहे, सासरेबुवांचे फोटो बघा. ती साडेअकराची असताना तेव्हाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, ते हे गणपती ऑफरवाले नव्हेत, आधीचे. त्यांनीपण दोन्ही एक्स-रे काढले, ओपीजी बघितला आणि म्हणाले अहो हिचे अजून दुधाचे दात आहेत चार, सगळे पक्के येऊ देत मग बघू, घाई नाही. आम्ही खूश. सासूबाई तर म्हणाल्या, बघ, पडले की छपरावर टाकू या एकेक. आता भांडुपच्या सहाव्या मजल्यावर कुठलं छप्पर, पण असो. थांबलो. सव्वाबारा-साडेबाराला तिची पाळी सुरू झाली. उंची फटाफट वाढली आणि मग वाढायची जवळपास थांबली. साडेतेराला एकदाचे सगळे दात आले तेव्हा परत गेलो तर तेच डॉक्टर म्हणाले आता जबड्याची वाढ फारशी उरलेली नाही, खालचा जबडा पुढे आणायची वेळ गेली, आता वरचे दोन दात काढून पुढचे मागे ओढू. ओढले. दोन वर्षं ब्रेसेस, दात ओळीत बसले, हसू छान आहे, खोटं कशाला बोलू. पण बाजूने बघितलं की हनुवटी मागे ती मागेच, आणि ती स्वतः सेल्फी कायम समोरूनच काढते हे आईला दिसतंच.

त्यामुळे मॅडमनी ‘थांबू या’ म्हटल्यावर मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की कशासाठी थांबायचं, दात तर सगळे आलेत याचे. त्यावर त्या जे म्हणाल्या ते मला कुणीतरी पाच वर्षं आधी सांगायला हवं होतं. म्हणाल्या, "दात आलेत आई. हाडं यायचीत."

मग जी काही वीस मिनिटं त्यांनी मला समजावलं, बाहेर पेशंट ताटकळत असताना, त्याचे खरं तर चार स्टार. मला जसं समजलं तसं लिहितेय, शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

मुलाच्या अंगात दोन कॅलेंडरं असतात. एक दातांचं आणि एक हाडांचं. दातांचं कॅलेंडर बरंचसं जन्मजात ठरलेलं, आपल्या गतीने चालतं, खाण्यापिण्याचा, आजारपणाचा, हार्मोन्सचा त्याच्यावर तुलनेने कमी परिणाम होतो. हाडांचं मात्र वयात येण्याच्या हार्मोन्सवर नाचतं, कुपोषण झालं तर हाडं दातांपेक्षा जास्त मागे पडतात. जबड्याची जी शेवटची मोठी वाढ असते ना, ती वयात येतानाच्या उंचीच्या उडीबरोबर किंवा किंचित मागून येते, म्हणजे ती हाडांच्या कॅलेंडरवर असते. आणि आपण सगळे, आयाच काय काही डॉक्टरसुद्धा, बघतो कुठे तर दातांकडे, कारण ते दिसतात.

दोन्हींचा काहीच संबंध नाही असं नाही हं. संबंध आहेच. ओपीजीवर दाताचं मूळ किती तयार झालंय ते बघून दातांचं वय काढतात, डेमिर्जियन म्हणून एक पद्धत आहे १९७३ची, खालच्या डावीकडचे सात दात घ्यायचे आणि प्रत्येकाला ए ते एच अशा आठ पायऱ्यांपैकी एक द्यायची. त्यातला खालचा सुळा फार कामाचा. मूळ वाढलेलं पण टोक अजून नरसाळ्यासारखं उघडं असेल तर ती एफ पायरी, नरसाळं संपून मुळाच्या भिंती समांतर झाल्या आणि टोक थोडंसंच उघडं राहिलं की जी, पूर्ण बंद झालं की एच. आणि शेकडो मुलांचे एक्स-रे एकत्र ठेवले तर दिसतं की सुळा जीच्या आसपास असतो तेव्हा बऱ्याच मुलांची उंचीची उडी सुरू झालेली असते. शेकडो मुलांचं एकत्र बघितलं तर, हे मॅडमनी दोनदा सांगितलं. समोर बसलेलं एक मूल त्या सरासरीत बसेलच असं नाही. माझा पोरगा बसत नव्हता. त्याचा सुळा जीपर्यंत पोचून वर पाहुणा म्हणून बसला होता आणि हाडं अजून घरातून निघालीच नव्हती. बरं, डेमिर्जियनचे आकडे काढले ते कॅनडातल्या फ्रेंच घरांमधल्या मुलांवरून, त्यामुळे भांडुपच्या पोराचं वय त्यावरून महिन्याच्या हिशेबात सांगायला जायचं नाही, पायरी कुठली एवढंच बघायचं.

हाडं निघाली की नाही ते कसं कळतं? तर त्या बाजूच्या एक्स-रेवरचे मानेचे मणके. मला वाटलं जबड्याच्या डॉक्टरला मानेशी काय घेणं. तर दुसरा, तिसरा आणि चौथा मणका बघतात. लहान वयात त्यांची खालची कड पोळपाटासारखी सपाट असते. वाढ जवळ आली की आधी दुसऱ्याच्या खालच्या कडेला खळगा पडतो, कुणी चमच्याने खरवडल्यासारखा, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला. शिवाय आकार बदलतो, आधी उतरत्या छपरासारखे, मग वडीसारखे आडवे, मग चौकोनी आणि सगळ्यात शेवटी उभट. याच्या सहा पायऱ्या, सीएस वन ते सीएस सिक्स. खालच्या जबड्याची सगळ्यात जोरात वाढ तीन आणि चारच्या मधे. माझ्या पोराच्या फक्त दुसऱ्या मणक्याला खळगा दिसत होता. म्हणजे सीएस टू. म्हणजे उडीला अजून साधारण वर्ष. आज ट्विन ब्लॉक (खालचा जबडा पुढे आणायच्या प्लेट, पुढे सांगतेच) लावला तर जोराची वाढ यायच्या आतच पोरगा कंटाळणार, आणि जबडा खरा वाढायला लागेल तेव्हा प्लेट कपाटात. आणि आज चार दात काढून ब्रेसेस लावले असते तर लेकीचंच झालं असतं परत, फक्त उलट्या रस्त्याने.

मी दुसऱ्या वेळी लेकीची जुनी फाइल घेऊन गेले. का गेले माहीत नाही, खपली काढायची सवय म्हणा. मॅडमनी तिचा साडेअकराचा ओपीजी आणि सेफ शेजारी शेजारी लावला. ओपीजीत दुधाच्या दाढा, सुळ्याचं मूळ नरसाळंच. आणि सेफमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही मणक्यांना खळगे, स्पष्ट. सीएस थ्री. पुढचं वर्ष म्हणजे बरोबर जबडा सगळ्यात जास्त वाढण्याचं वर्ष. जे दिसायला हवं होतं ते त्याच पाकिटात होतं, पैसे भरून काढलेलं, कुणी तिकडे बघितलंच नाही. मॅडम आधीच्या डॉक्टरांबद्दल एक शब्द वाईट बोलल्या नाहीत, फक्त एवढं म्हणाल्या की त्यांनी का थांबवलं ते मी नाही सांगू शकत. मला तर ते उलट जास्त लागलं.

आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला अजून पटवून घ्यायला वेळ लागतोय. दातांच्या बाबतीत मुली मुलांपेक्षा सरासरी जेमतेम काही महिने पुढे असतात. हाडांच्या बाबतीत मात्र जवळजवळ दोन वर्षं. मुलींची उडी साधारण अकरा-बाराला, मुलांची तेरा-चौदाला. म्हणजे एकाच वर्गातल्या मुलाचे आणि मुलीचे दात सारखेच दिसतील, पण तिचा जबडा वाढून संपत आलेला आणि त्याचा सुरूही व्हायचा. त्यामुळे ‘सगळे पक्के दात येऊ देत’ हा सल्ला मुलाला एक वेळ चालून जाईल, मुलीला फार वेळा गाडी सुटल्यावर प्लॅटफॉर्मवर पोचवतो. आणि पाळी सुरू होते ती बहुतेक वेळा उंचीची जोराची उडी मागे पडल्यावर, साधारण वर्षभराने. आपण आया पाळी आली की म्हणतो आता पोरगी वाढायला लागली. ती खरं तर तोवर बरीचशी वाढून झालेली असते.

मधेच एक अवांतर. माझ्या भावाचा मुलगा शिवाजी पार्कला खेळतो, त्याच्यामुळे घरात हाडांच्या वयाची चर्चा आधीपासून होती, कारण अंडर-सिक्स्टीनला बीसीसीआय डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-थ्री पद्धतीने हाडांचं वय बघते, जन्मदाखल्यावर काही का असेना. मी मॅडमना विचारलं मग आपण मनगट का नाही काढत. तर म्हणाल्या पूर्वी ऑर्थोमध्येपण सर्रास काढायचे, त्यात अंगठ्याच्या बुडाशी एक तिळाएवढं हाड दिसायला लागतं ते शोधायचे, त्याचं इंग्रजी नावच तिळावरून पडलंय, ते दिसलं म्हणजे उडी आली. पण सेफ तर जबड्यासाठी काढायचाच असतो, त्यात मणके फुकट मिळतात, मग मुलाला आणखी एक एक्स-रे कशाला. आणि मनगटाचा जो जुना प्रसिद्ध ॲटलस आहे ग्रॉयलिक आणि पाइलचा, १९५०चा, तो अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या खात्यापित्या घरांमधल्या गोऱ्या मुलांवरून बनवलेला. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला म्हणजे माझ्या पोराला क्लीव्हलंडशी कशाला जोडता. त्याला म्हटलं तुमचं क्रिकेटवाल्यांचं टीडब्ल्यू-थ्री वेगळं रे बाबा, पण तो ऐकतोय होय.

मला मॅडमचं आवडलं ते हे, की मणक्यांचीही त्यांनी आरती केली नाही. तोच सेफ दोन डॉक्टरांना दाखवला तर एखादी पायरी इकडेतिकडे होऊ शकते म्हणाल्या, म्हणून एकट्या मणक्यांवर जायचं नाही, एकट्या दातांवर तर नाहीच. मग काय? तर घरी जा, भिंतीला पाठ लावून उभा करा, दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी उंची मोजा आणि लिहून ठेवा. बस. ह्याला पैसे नाहीत, रेडिएशन नाही. उडीच्या आधी मूल वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वाढतं, उडीत मुलगे नऊ-दहापर्यंत जातात. रेघांमधलं अंतर वाढायला लागलं की फोन करा.

तर आमच्या बेडरूमच्या चौकटीवर रेघा सुरू झाल्या. ऑगस्टमध्ये १४१. नोव्हेंबरला १४२ च्या थोडं वर. मधे दिवाळीच्या आधी रंगारी आला होता, त्याने मन लावून पूर्ण चौकट रंगवून टाकली, तीन महिन्यांच्या रेघा गायब, नशीब मी मोबाइलमध्ये लिहिलं होतं. फेब्रुवारीत साडेत्रेचाळीस. पोरगा वैतागलेला, शाळेत ससा म्हणणं चालूच, नवरा म्हणायला लागला की गणपती ऑफरवाल्याकडे केलं असतं तर एव्हाना अर्धं झालं असतं. मलापण रात्री वाटायचं की परत तीच चूक करतोय का, परत थांबून. दर तीन महिन्यांनी मॅडम बोलवायच्या, तोंडात बघायच्या, आवाज फुटतोय का विचारायच्या, पोरगा लाल व्हायचा. या चेकअपचे पैसे घेतले नाहीत. हे मुद्दाम लिहितेय. आठ महिने एक बाई आम्हाला थांबवून ठेवते आणि त्याचा एक रुपया घेत नाही, हे मुंबईत.

एप्रिलच्या शेवटी १४६. तीन महिन्यांत अडीच सेंटिमीटर, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने दहा. त्याच महिन्यात घेतलेली पँट आखूड. मी ऑफिसमधून फोन केला, आवाज कापत होता माझा, जसं काय लॉटरी लागलीय. एक नवीन सेफ काढला, आठ महिन्यांतला दुसरा आणि शेवटचा, आणि तिसऱ्या मणक्याला खळगा होता. मला तो मॅडमनी दाखवायच्या आधी दिसला. मेमध्ये शाळा बंद असताना ट्विन ब्लॉक बसवला.

ट्विन ब्लॉक म्हणजे वर एक आणि खाली एक अशा काढता घालता येणाऱ्या दोन प्लेट, त्यांच्यावर तिरके ठोकळे असतात, तोंड मिटलं की ते एकमेकांवर घसरतात आणि खालचा जबडा पुढे येऊनच बसतो. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क नावाच्या डॉक्टरांनी १९७७मध्ये काढलं हे, पडून पुढचा दात निखळलेल्या एका मुलासाठी. जेवतानासुद्धा घालायचा. पहिले चार दिवस घरात रडारड, लाळ, ‘स’ म्हणायला गेला की ‘श’, वडापावचा पाव प्लेटला चिकटून बसायचा, आंबा मात्र व्यवस्थित जायचा, मेमध्ये लावल्याचा तेवढा फायदा. पाचव्या दिवशी मित्रांबरोबर खाली उतरला आणि विषय संपला. एकदा काढून रुमालात गुंडाळून ठेवला आणि तो रुमाल मशीनला गेला. प्लेट वाचली, माझं बीपी नाही.

मॅडमनी आधीच बजावून सांगितलं होतं की याने जबडा जादूने लांब होणार नाही, हाडाचा भाग काही मिलिमीटरचाच असतो, बाकीचं दातांचं सरकणं असतं, पण वाढीच्या वेळेत केलं तर तो हाडाचा भाग जास्त मिळायची शक्यता असते. आता डिसेंबर आहे, सात महिने झाले. सुरुवातीला वरच्या आणि खालच्या दातांमधलं आडवं अंतर नऊ मिलिमीटर होतं, दोन-तीन असायला हवं, आत्ता चार आहे. ओठ मिटतो. हनुवटीच्या सुरकुत्या गेल्या. यातलं किती ट्विन ब्लॉकने आणि किती नुसतं वाढल्यामुळे हे मी विचारलं, तर हसल्या आणि म्हणाल्या तुमच्या मुलाला एकाच वेळी ब्लॉक न लावता पण वाढवलं असतं तरच ते सांगता आलं असतं. यानंतर वर्ष-सव्वा वर्ष ब्रेसेस लागणारच आहेत. दात काढायला लागतील का ते तेव्हा ठरेल, बहुतेक नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, आमचं वाचून सगळ्यांनी थांबत बसू नका. वरचा जबडा मागे आणि खालचा पुढे असेल, म्हणजे आमच्या उलटं, तर सात-आठपासूनच दाखवावं लागतं, तिथे उडीची वाट बघणं म्हणजे नुकसान. टाळू अरुंद असेल तर तीपण लवकर रुंद करतात कारण मधला सांधा वयाबरोबर पक्का होत जातो. आणि दहाव्या वर्षाच्या सुमाराला वरच्या सुळ्याचा उंचवटा हिरडीवर हाताला लागतो का ते डॉक्टरांना चाचपायला सांगा, तो आत अडकायचं प्रमाण अक्कलदाढेच्या खालोखाल असतं. म्हणजे दाखवायचं लवकरच. सुरू कधी करायचं तो वेगळा प्रश्न आहे, आणि डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले तर कशाकडे बघून म्हणताय, दात की हाडं, एवढं विचारायचं. मी लेकीच्या वेळी नाही विचारलं.

आता पैसे आणि तक्रारी. आम्हाला ट्विन ब्लॉकचे २२,००० पडले, दोन हप्त्यांत, पुढच्या मेटल ब्रेसेसचे ४८,००० सांगितलेत, एक्स-रे वेगळे, दोन्ही मिळून १,२०० एका वेळचे. स्वस्त नाही, पण अंगावर येणारंही नाही. ज्यांना जमणार नसेल त्यांनी सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल बघा, तिथे एमडीएस करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात, माझ्या मैत्रिणीची मुलगी जाते, खर्च बराच कमी आहे, फक्त वेळ आणि चिकाटी ठेवा.

तक्रार नंबर एक, अपॉइंटमेंट. साडेपाचची असेल तर साडेसहा धरून चाला. मॅडम प्रत्येकाला समजावत बसतात हे त्याचं कारण, आणि ज्या वीस मिनिटांसाठी मी स्टार दिले तीच वीस मिनिटं बाहेर बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या आईने माझ्यावर दात ओठ खात काढली असणार, पण तरी. दोन, रिसेप्शनवरची मुलगी फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपला निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. तीन, बसायला सहा खुर्च्या आणि पोरं वीस. चार, जिना, तो सांगितलाच. असा तुकड्यातुकड्याने पाचवा स्टार गेला.

शनिवारी जाऊ नका, ठाण्यापासून विक्रोळीपर्यंतची सगळी दहावीची पोरं त्या दिवशी येतात. मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला बरं असतं. मुलाचे, मुलीचे जुने एक्स-रे असतील तर घेऊन जा, बाजूने काढलेला विशेषतः, आणि उंचीची वही. आमची पुढची तारीख ६ जानेवारी आहे. चौकटीवर काल १५३ झाले, यावेळी रंगाऱ्याला सांगून ठेवलंय, त्या बाजूला हात लावायचा नाही.